आत्याचं लिव्हिंग विल

आज आत्याचं लिव्हिंग विल, म्हणजे शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, नोटराइज करून आणलं. शिक्का मारता मारता नोटरी थांबले, "मॅडम, ही आत्महत्या नाही ना?" आत्या म्हणाली, "नळ्या लावून टांगून ठेवू नका, एवढंच लिहिलंय. इंजेक्शन द्या असं कुठे म्हटलंय?"

कायद्याचंही तेच. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने हल्ल्यानंतर अनेक दशकं भान हरपून अंथरुणाला खिळलेल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या दयामरणाची याचिका फेटाळली, पण निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवण्याला, वाट दिली. 2018 मध्ये लिव्हिंग विलला मान्यता मिळाली. तेव्हा मॅजिस्ट्रेट लागायचे, 2023 पासून नोटरी चालतो. औषध टोचून मारणं मात्र आजही गुन्हाच.

अरुणाताईंना सांभाळणाऱ्या केईएमच्या नर्सेसचा दयामरणाला विरोध होता. वर्षानुवर्षं भरवलं, पुसलं, बेडसोअर होऊ दिला नाही. त्यांच्यापुढे वाद घालायची माझी हिंमत नाही. तरी अरुणाताईंना काय हवं होतं, हे कोणालाच कळणार नव्हतं. आत्याला काय हवंय, ते किमान कागदावर तरी आहे.

साक्षीदार म्हणून आलेले शेजारचे शहाकाका सल्लेखनेबद्दल, म्हणजे जैन धर्मातल्या मरणापर्यंतच्या उपवासाच्या व्रताबद्दल, बोलत होते. 2015 मध्ये राजस्थान हायकोर्टाने तिला आत्महत्या ठरवलं, सुप्रीम कोर्टाने महिन्याभरात स्थगिती दिली. मी आत्याला विचारलं, तुझ्या देवाला चालेल का? "त्याला व्हेंटिलेटर माहीत तरी आहे का?" आज संकष्टी, उपास आहे तिचा.

एक प्रत महापालिकेत द्यायचीय. कोणत्या खात्यात, कुणाला अनुभव असेल तर सांगा.