बेरीज नऊ

बाबा मे महिन्यात आमच्याकडे आले. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गॅरेजात गाडी चालू झाली. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला, मान वाकडी करून ऐकलं आणि विचारलं, "अगं, इथं अँबॅसिडर कुणाकडं आहे?"

अँबॅसिडर नव्हती. ती होती १९६७ ची एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स गाडी, गडद हिरवी, दोन माणसांपुरती, कापडी टपाची. पण बाबांचा कान चुकलेला नव्हता.

बाबा साताऱ्याला बांधकाम खात्यात ड्रायव्हर होते. माझं सगळं लहानपण त्या पांढऱ्या अँबॅसिडरच्या आसपास गेलं. उन्हाळ्यात मेढ्याहून महाबळेश्वरला चढताना केळघर घाटात गाडी तापायची, पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी गप्प बसायची. मग बाबा बॉनेट उघडून इंजिनच्या कुशीतल्या पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि साहेबांना सावलीत बसवायचे. गाडीत पाण्याचा कॅन आणि फडकी कायम असत.

मी नर्स आहे, ऑक्सफर्डला कामाला जाते आणि राहते ॲबिंग्डनला. ऑक्सफर्डपासून दहा किलोमीटरवरचं, थेम्सकाठचं हे छोटं गाव. एमजी गाड्या पन्नास वर्षं इथेच तयार झाल्या. शेजारचे आजोबा सोळाव्या वर्षी त्या कारखान्यात लागले आणि १९८० च्या ऑक्टोबरात तो बंद झाला तोवर तिथेच होते. बॉडी स्विंडनहून यायची, इंजिन कोव्हेंट्रीहून, आणि ॲबिंग्डनला सगळं जुळवलं जायचं. गाडी पुढे सरकवणारा यांत्रिक पट्टा तिथे नव्हता. एकाचं काम संपलं की गाडी हातानं ढकलून पुढच्याकडे द्यायची. पाच लाखांहून जास्त एमजीबी अशा माणसांच्या हातांनी पुढे सरकल्या, हे कळल्यापासून त्या गाडीकडे मी वेगळ्या नजरेनं बघते.

आजोबांनी ही गाडी घेतली तेव्हा दारांखालचा पत्रा बोटानं दाबला तरी भुगा पडायचा. त्या पोकळ पत्र्याला इथे सिल म्हणतात, म्हणजे उंबराच. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यातून डोक्यावर छप्पर नाही, म्हणून गाडीचं बळ या उंबऱ्यांत. ते कापायचे तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या वेल्ड करून घ्याव्या लागतात. नाहीतर गाडी मधोमध खचते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. आजोबांनी आधी पट्ट्या लावल्या, मग एक बाजू कापली, नवी बसवली, दार पन्नास वेळा उघडून-लावून बघितलं आणि मगच दुसऱ्या बाजूला हात घातला. चार वर्षं मी हे कुंपणावरून बघत होते. सामान मात्र सगळं मिळतं. जवळच्या विटनी गावात मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी आजही काढून देतात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रस्ताकर लागत नाही. सरकारनं जुन्या गाड्यांना दिलेली ही सवलत मला फार आवडते.

आता त्या आवाजाचं. विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करणारा पोरगा. पुढे लाँगवॉल स्ट्रीटवर त्याचं गॅरेज झालं आणि १९१३ मध्ये त्याची पहिली मोटार आली, मॉरिस ऑक्सफर्ड. गाड्या विकण्या-दुरुस्तीच्या धंद्याचं नाव मॉरिस गॅरेजेस. १९२२ मध्ये तिथे सेसिल किंबर मॅनेजर झाला. मॉरिसच्या साध्या, घरगुती गाडीवर तो हलकी, देखणी बॉडी चढवून विकायला लागला. मॉरिसचा एम, गॅरेजेसचा जी, भोवती अष्टकोन. १९२९ मध्ये हे बिऱ्हाड ॲबिंग्डनच्या जुन्या चामड्याच्या कारखान्यात आलं. १९४१ मध्ये किंबरला त्याच कंपनीतून काढलं आणि १९४५ च्या फेब्रुवारीत किंग्ज क्रॉस स्टेशनातल्या रेल्वे अपघातात तो गेला. मला या माणसाबद्दल मनापासून हळहळ वाटते. पगारदार माणसालाही परवडेल अशी वेगवान गाडी करायची, म्हणून घरगुती गाडीचेच भाग वापरायचे, ही त्याची रीत मात्र पुढेही चालू राहिली.

म्हणून एमजीबीच्या आधीच्या, १९५५ च्या एमजीएमध्ये बसलं ते कुटुंबाच्या गाड्यांसाठीचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन. तेच मॉरिस ऑक्सफर्डमध्ये होतं. आपली अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती, आणि १९५९ पासून तिच्यातही हेच १४८९ सीसीचं इंजिन आलं. एमजीबीसाठी ते वाढवून १७९८ सीसीचं केलं, पण घराणं तेच. ज्या शहरात मी रोज बसनं कामाला जाते, त्याचं नाव बाबांच्या गाडीच्या आजीचं होतं!

त्या दिवशी बाबा चपला घालून थेट शेजारी गेले. इंजिनाशी कान नेऊन म्हणाले, "टॅपेट वाजतंय." मी सांगायच्या आधीच आजोबा मान हलवायला लागले होते. इंजिन गार होईपर्यंत दोघं अंगणात बसले. मग टॅपेट कव्हर निघालं, प्लग काढले. बाबांनी हाताच्या खुणेनं फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, मागितला आणि पात्या उलगडून बरोबर पंधरा थाऊची काढली, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. आजोबांनी पाती बघून अंगठा वर केला.

पुढचं मी आयुष्यभर विसरणार नाही. इंजिनात आठ व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा असतात, आणि प्रत्येकीची तिला दाबणाऱ्या तरफेशी तेवढीच फट ठेवायची. जो सेट करायचा तो पूर्ण बंद हवा, आणि ते ओळखायची एक युक्ती आहे: आठवा पूर्ण उघडला की पहिला सेट करायचा, सातवा उघडला की दुसरा. बेरीज नेहमी नऊ. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मी मागून हळूहळू ढकलत होते, म्हणजे इंजिन फिरायचं. आजोबांनी हात वर करून मला थांबवलं आणि आठ बोटं दाखवली. बाबांनी एक बोट दाखवलं, पाना लावला, पाती सरकवून बघितली, नट आवळला. मग सहा बोटं, तीन बोटं. चार, पाच. बाबांना इंग्रजी येत नाही, आजोबांना मराठीचा गंध नाही, आणि पाऊण तासात दोघांपैकी कुणी मला एक शब्दही भाषांतर करायला सांगितला नाही.

गाडी चालू झाली तेव्हा आवाज गुळगुळीत होता. आजोबांनी बाबांना शेजारी बसवून गावात नेलं, काउंटी हॉलच्या म्युझियममध्ये. तिथे वरच्या मजल्यावर ॲबिंग्डनची शेवटची एमजीबी ठेवली आहे, क्रेननं उचलून खिडकीतून आत घेतलेली. मी बसनं मागून पोचले, तर बाबा त्या खिडकीची वीत मारून मापं घेत होते.

परत आल्यावर बाबांनी पुन्हा बॉनेट उघडायला लावलं. इंजिनच्या बाजूला पेट्रोलचा पंप शोधला, सापडला नाही. आजोबांनी त्यांना गाडीच्या मागे नेऊन चाकाशी वाकायला लावलं आणि किल्ली फिरवली. तिथून टक-टक असा आवाज आला. विजेवरचा पंप, इंजिनच्या उष्णतेपासून लांब.

बाबा गुडघ्यावर बसून बराच वेळ ऐकत राहिले. "इथं मागं ठेवला असता," ते म्हणाले, "तर केळघरला माझी निम्मी फडकी वाचली असती."