बसायला नको म्हणणारी मुलगी

पर्वतीच्या पायथ्याकडे फिजिओथेरपीचं क्लिनिक काढलं की गिऱ्हाईक आपोआप येतं. १०३ पायऱ्यांनी कुरकुरणारे गुडघे, तळजाईच्या वाटेवर मुरगळलेले घोटे. एप्रिलमध्ये परीक्षा संपलेली पोरंही येतात. त्यातच ही आली, पंधरा वर्षांची, नववी झालेली. तक्रार एवढीच, की डाव्या नडगीत दुखतं.

बाहेर खुर्च्या रिकाम्या होत्या तरी ती उभी. पाठीवर सॅक, टाचा सारख्या वर-खाली. बाहेर ऊन रणरणतंय आणि हिच्या अंगात पूर्ण बाह्यांचं जाड जॅकेट.

"बस ना गं जरा."

"नको आई, बरंय."

"ही अशीच," आई मला म्हणाली. "स्वस्थ बसणं माहीतच नाही. वाचतेसुद्धा फेऱ्या मारत." बोलण्यात कौतुकच होतं.

धावणाऱ्यांची नडगी बहुतेक वेळा आतल्या कडेने वीतभर दुखते. हिचं दुखणं मात्र माझ्या एका बोटाखाली मावत होतं. दाबलं तसा तिने श्वास रोखला आणि म्हणाली, "एवढं नाही दुखत." त्या पायावर उडी मारायला सांगितली, तर पहिल्याच उडीला पाय उचलून घेतला. हाडाला बारीक चीर असावी. सुरुवातीचे काही आठवडे ती साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. पण ही कुठल्या संघात नाही, स्पर्धेत नाही. मग हाड थकलं कशाने?

"किती धावतेस?"

"जास्त नाही."

उत्तर मनगटावर होतं. बाबांनी वाढदिवसाला दिलेलं घड्याळ. रोजची दहा हजार पावलं ही त्यात सुरुवात होती, पोर कधीच त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. (हा दहा हजारांचा आकडा वैद्यकाच्या पुस्तकातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं. जाहिरातीचा आकडा, आता सगळ्यांच्या मनगटावर बसलाय.)

किती करता याला मी फार महत्त्व देत नाही. माझा प्रश्न वेगळा असतो.

"आणि एखादा दिवस चुकला तर?"

ती गप्प. बोलली आईच. "चुकवतच नाही हो. मावसबहिणीच्या लग्नाला गेलो होतो ना, तिथे पहाटे चारला उठून कार्यालयाच्या गच्चीवर दोरीच्या उड्या. पावसात पार्किंगमध्ये धावते. ताप असला तरी. म्हटलं, शिस्त आहे पोरीला."

मग खाण्याचं निघालं. गणपतीत साखर बंद झाली, नंतर भात. मग संकष्टी धरली, मग गुरुवार, मग शनिवार. घरात आजी खूश, की आजकालच्या पोरी उपास करतात कुठे! उपासाची खिचडीही ती ताटात नुसती चिवडते, हे आईला दिसलं होतं. पण उपासाच्या दिवशी कोण कुणाला आग्रह करणार?

आईला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि पाळीचं विचारलं. दिवाळीनंतर आलीच नव्हती. "पण धावणाऱ्या मुलींची जातेच ना? मी वाचलंय." हे वाक्य मी कोच मंडळींच्याही तोंडून ऐकलंय, आणि दर वेळी संताप होतो. खर्चापुरतं पोटात जात नसेल तर शरीर एकेक खातं बंद करत जातं, पाळी त्यातलं एक. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं, आणि त्यात मुलगेही आले. पाळी गेली म्हणजे हाडं जपणारं इस्ट्रोजेनही घटलं. तेही नेमकं ज्या वयात आयुष्यभराची हाडं भरायची त्या वयात.

आडवं झोपवून नाडी मोजली, पूर्ण मिनिटभर. हात थंडगार, नखं निळसर. ४२. उभं केलं, पुन्हा मोजली. ८४, आणि तिने टेबलाची कड धरली.

आई आत आली होती. "कमी नाडी म्हणजे फिट ना? घड्याळात तर छान दाखवतं."

फसवतं ते इथेच. कसलेल्या धावपटूची नाडीही संथ असते, पण नुसतं उभं राहिल्याने ती अशी दुप्पट होत नाही. उपाशी शरीराचं हृदय काटकसर करत असतं, जरा काम पडलं की त्याची तारांबळ उडते. जागेपणी पन्नासच्या खाली नाडी असली की अशा मुलांना दाखल करायचा विचार करतात. मी तिथूनच बालरोगतज्ज्ञांना फोन लावला.

वडिलांनाही फोन लावून दिला. "अहो मॅडम, बाकीची पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, आमची धावते. तुम्ही नडगीचं बघा."

"नडगीचंच बघतेय. हाड उपाशी आहे तिचं."

त्यांचा राग मला समजतो. नुसतं जेवण टाकलं असतं तर घर हादरलं असतं, पण पहाटे उठून व्यायाम करणाऱ्या मुलीला आजारी म्हणायला आपली जीभ रेटत नाही. तिचा आजार त्या व्यायामाच्या आड मजेत वाढत होता.

संध्याकाळी ती दाखल झाली. खाणं बेताबेताने वाढवलं, कारण उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट धोकादायक उतरू शकतं. मानसोपचारतज्ज्ञांनी जेवणाची सूत्रं आईबाबांच्या हाती दिली. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात रुजलेली ही पद्धत आहे. वॉर्डात रात्री ती सलाइनचा स्टँड घेऊन फेऱ्या घालायची. सिस्टर वैतागल्या, "ऐकतच नाही हो ही." मी भेटायला गेले तेव्हा ती खिडकीशी उभीच होती.

"मला आवडत नाही हो धावायला," ती म्हणाली. "पण थांबलं की आतून कसंतरी होतं. बसलं की खाल्लेलं अंगावर येतं."

याला हट्ट म्हणून मोकळं होता येत नाही. विल्यम गल या लंडनच्या डॉक्टरांनी १८७०च्या दशकात स्वतःला उपाशी ठेवण्याच्या या आजाराला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' असं नाव दिलं, तेव्हाच इतक्या खंगलेल्या मुलीत ही चळवळ येते कुठून, याचं नवल नोंदवून ठेवलं होतं. उंदरांना दिवसातून थोडाच वेळ खायला दिलं आणि पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं, तर ते दिवसेंदिवस जास्तच धावतात, खाणं घटत जातं, काही मरतातही. चाक नसलेले तेवढ्याच वेळात खाऊन तगतात.

माझं काम बऱ्याच नंतर सुरू झालं. नाडी आणि वजन सावरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, चटईवर पडून स्ट्रेचिंग. घड्याळ वडिलांनी स्वतःहून कपाटात ठेवलं होतं. पोरीची घासाघीस मात्र चालूच.

"तळजाईवर कधी?"

"हाड भरल्यावर. चालत, धावत नाही. आणि आईबरोबर."

"आई किती हळू चालते, मॅडम!"

"म्हणूनच."

आईने त्याच आठवड्यात बूट आणले आणि पुढे मायलेकी जाऊ लागल्या. सध्या आईची टाच दुखतेय, त्यामुळे माझ्याकडे दोघींच्याही फाइली आहेत.