तुम्ही विचारलंत म्हणून: विहिरीत पाणी किती लिटर?

कोल्हापूरच्या करवीर-कागलकडून हा प्रश्न सारखा येतो, आणि विचारणाऱ्याने खोली बहुधा आधीच मोजलेली असते. दोरीला वजन बांधून सोडलं, ओली दोरी मोजली, झालं. घोळ होतो तो व्यासात. सूत्रात (३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × पाण्याची खोली) त्रिज्येचा वर्ग येतो, म्हणून व्यास ५ टक्के चुकला की पाणी १० टक्क्यांनी चुकतं.

विहिरीच्या बरोबर मधून टेप ताणणं अवघड, म्हणून कठड्याला बाहेरून गुंडाळा. समजा घेर ७२ फूट ३ इंच भरला. हिशेबात तो ७२.२५ फूट धरायचा, ७२.३ नव्हे. त्याला ३.१४ ने भागलं की २३ फूट. पण हा झाला बाहेरचा व्यास! कठडा दीड फूट जाड असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून ३ फूट वजा, आत उरले २०. हे ३ फूट विसरलात तर पाणी ३२ टक्के जास्त दिसेल. कठडाच नसेल तर एकाने टेपचं टोक काठाशी पक्कं धरावं, दुसऱ्याने समोर जपून सरकत जावं. सगळ्यात मोठं माप येईल तोच व्यास, कारण वर्तुळात व्यासाहून मोठी जीवा (काठापासून काठापर्यंतची सरळ रेघ) नसते.

आता पाणी १५ फूट. ३.१४ × १० × १० × १५ म्हणजे ४,७१० घनफूट. इथेच थांबू नका. वर मुरूम, खाली काळा खडक. खडकात खोदाई बहुधा निमुळती होत जाते. पाण्याच्या पातळीला २० आणि तळाला १६ फूट व्यास असेल तर आकार वृत्तचितीचा (सरळ नळकांड्याचा) नाही, शंकुछेदाचा (टोक कापलेल्या शंकूचा). पुस्तकातल्या सूत्राने ३,८३० घनफूट येतात. सरासरी व्यास १८ धरून साधी वृत्तचिती केली तरी ३,८१५. शेतावर एवढा फरक चालतो. तळाचा व्यास मात्र उन्हाळ्यात पाणी आटल्यावर मोजून ठेवाच.

घनफुटाला २८.३ ने गुणा: सुमारे १ लाख ८ हजार लिटर. आकडा मोठा वाटतो, पण एका एकरावर एक इंच पाणी उभं करायलाच ३,६३० घनफूट लागतात. भरलेली विहीर उसाच्या एका एकराला जेमतेम इंचभर.

झरा, म्हणजे विहिरीत पाणी किती वेगाने भरतं ते, मोजताना मोटर बंद करून पाणी एक फूट चढायला किती वेळ लागतो ते बघतात. पाणी कुठल्या पातळीला होतं, तेही लिहून ठेवा. याच विहिरीत वरचा एक फूट सुमारे ८,८०० लिटरचा, तर तळाचा ५,८०० लिटरचा.