सी-५ मध्ये नेमकं काय होतं

मी मूळची नांदेडची, एमएससी ऑरगॅनिक केमिस्ट्री, आणि गेली काही वर्षं हैदराबादच्या जिनोम व्हॅलीत एका कंपनीत कंपाउंड मॅनेजमेंट बघते. म्हणजे हजारो वेगवेगळी रसायनं, एकेकाचे जेमतेम काही मिलिग्रॅम, ती डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून उणे २० डिग्रीला ठेवायची, नंबर लावायचे, आणि बायोलॉजीवाल्यांनी मागितली की प्लेटमध्ये, म्हणजे वेल नावाचे छोटे छोटे खळगे असलेल्या तबकडीत, मोजून द्यायची. ते लोक आजाराशी संबंधित एखाद्या प्रोटीनवर सगळी टाकून बघतात, याला स्क्रीनिंग म्हणतात, त्यातलं एखादं काम करतं, त्याला हिट म्हणायचं. तिथून पुढे औषधाचा रस्ता सुरू होतो आणि तो फार लांबचा असतो. काही जण आम्हाला अजून स्टोअरवाले म्हणतात. मला ते आवडत नाही, आणि का आवडत नाही ते या दिवसावरून कळेल.

जुलै २०२३, सोमवार सकाळ. बायोलॉजीमधून फोन आला की अगं ती नवीन पावडर काहीच करत नाहीये. कुठली पावडर ते मला लगेच कळलं, कारण त्या हिटची दोन महिने सगळीकडे चर्चा होती. प्लेटमधल्या सी-५ वेलमधलं, म्हणजे सी ओळीतल्या पाचव्या खळग्यातलं कंपाउंड, दोनदा टेस्ट केलं, दोन्ही वेळा छान कर्व्ह, म्हणजे डोस वाढवला तसा परिणामही वाढला. मग नियमाप्रमाणे खात्रीसाठी त्याच कंपाउंडची ५ मिलिग्रॅम ताजी पावडर विकत मागवली. अशी स्क्रीनिंगची कंपाउंडं जगात बरीचशी युक्रेनमधून, कीव्हमधून येतात. २४ फेब्रुवारी २०२२ पासून तिथली विमानं बंद, म्हणजे पार्सल आधी रस्त्याने सीमेपार जायचं, मग विमान, मग आपलं कस्टम्स. नऊ आठवडे लागले. तिथल्या लोकांनी अशा काळातही वजन करून, लेबल लावून, शुद्धतेच्या कागदासकट पाठवलं याचं मला खरंच अप्रूप वाटतं. पण नऊ आठवडे केमिस्ट थांबत नाहीत. आमच्या केमिस्ट्रीच्या सीनियर सरांनी तोपर्यंत त्या स्ट्रक्चरसारखी नऊ कंपाउंडं बनवली होती. नऊच्या नऊ थंड, म्हणजे काहीच परिणाम नाही. आणि आता खुद्द मूळ पावडरही थंड.

माझ्यासोबत सोलापूरची एक ज्युनियर मुलगी आहे, घरी तेलुगू, बाहेर मराठी, त्यामुळे इथे तिचं फार छान चालतं. ती म्हणाली, "ताई, जुन्या प्लेटमध्ये पाणी शिरलं असेल." शंका बरोबरच होती. डीएमएसओ हवेतला ओलावा ओढून घेतं, १८.५ डिग्रीला गोठतं, सारखं गोठवणं-वितळवणं झालं की विरघळलेला पदार्थ तळाला बसतो, पावसाळ्यात तर आम्ही प्लेटचं सील काढायच्या आधी ती खोलीच्या तापमानाला आली ना हे दहादा बघतो. पण मी तिला म्हटलं, पाणी शिरलं तर जुनं सॅम्पल कमजोर व्हायला पाहिजे, इथे जुनं चालतंय आणि नवं नाही, उलटं आहे सगळं.

मग उरतात दोन गोष्टी. एक तर जुनं कंपाउंड पडून पडून मोडलं आणि मोडलेला तुकडा काम करतोय, नाहीतर त्यात काहीतरी भेसळ आहे. रोश या औषध कंपनीच्या लोकांनी २०१३ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या काही हिट्समध्ये काम कंपाउंड करतच नव्हतं, बनवताना त्यात राहून गेलेलं झिंक करत होतं. म्हणून बायोलॉजीवाल्यांना सांगितलं की धातू पकडून ठेवणारं रसायन घालून जुन्या सॅम्पलची टेस्ट परत करा. दुपारी उत्तर आलं, परिणाम तसाच, म्हणजे झिंक नाही.

तोवर आम्ही जुनी प्लेट काढली. सी-५ मध्ये सहा मायक्रोलिटर उरलं होतं, ते संपलं की संपलं. मी स्वतः अर्धा मायक्रोलिटर घेतलं, पातळ केलं आणि एलसी-एमएसला, म्हणजे सॅम्पलमधले घटक वेगळे करून त्यांच्या रेणूंचं वजन सांगणाऱ्या मशीनला लावलं. कंपाउंडचं वजन ३८७, प्रोटॉन धरून ३८८ ला पीक दिसायला हवं. ३८८ ला काहीच नाही, सपाट. ४२५ ला एकच स्वच्छ पीक. मोडलेलं रसायन असं एकटं आणि स्वच्छ दिसत नाही, त्यात मूळचं थोडं तरी उरतं, तुकडे दिसतात. हे सरळ दुसरंच कंपाउंड होतं. माझ्या पोटात गोळा आला. एका वेलमध्ये चुकीचं असेल तर बाकीच्यांचं काय?

कॉम्प्युटरवर त्या प्लेटची यादी उघडली. आमच्या ३८४ वेलच्या प्लेटमध्ये दोन्ही कडांचे दोन-दोन कॉलम कंट्रोलसाठी, म्हणजे तुलनेच्या नमुन्यांसाठी रिकामे असतात, मध्ये ३२० कंपाउंडं. त्यात ४२४ वजनाची दोनच होती, एक एच-११ ला, एक एन-२० ला. मी या दोन जागांकडे बघत बसले, सी-५ शी संबंध काही लागेना, शेजारीही नाहीत की वेल ओघळून मिसळलं म्हणावं. ज्युनियरने कागदावर १६ ओळी २४ कॉलमची चौकट काढली, तिन्ही ठिकाणी फुल्या मारल्या, आणि मला दाखवायला कागद टेबलावरून माझ्याकडे फिरवला. फिरवताना तीच थांबली. सी म्हणजे वरून तिसरी ओळ, एन म्हणजे खालून तिसरी. ५ म्हणजे डावीकडून पाचवा, २० म्हणजे उजवीकडून पाचवा. प्लेट १८० अंशांत फिरवली की सी-५ च्या जागी एन-२० येतं.

दोघीही काही बोललो नाही. ज्या मदर प्लेटवरून ही डॉटर प्लेट कॉपी झाली होती ती काढली, तिचा सी-५ चेक केला तर ३८८, अगदी बरोबर. डॉटरचा एन-२० बघितला, तिथेही ३८८. मग अजून सहा वेल, प्रत्येक वेळी आधी लिहून ठेवायचं की प्लेट उलटी असेल तर काय दिसेल, आणि मग बघायचं. सहाही जुळले. कॉपी करताना मदर प्लेट मशीनवर उलटी बसली होती. आणि रिकामे कॉलम दोन्ही बाजूंना सारखेच, त्यामुळे उलटी प्लेटही सुलटीसारखीच दिसते! कोणाला कळणार?

संध्याकाळी जुनं लॉगबुक काढलं. कॉपीची तारीख मे २०२१. लॉकडाऊन होता, फार्माला सूट होती पण निम्मी माणसं, आणि मशीनचा बारकोड रीडर बंद पडलेला, इंजिनियर येऊ शकत नव्हता. तो रीडर एका जागी पक्का असतो, प्लेट उलटी ठेवली तर बारकोड पलीकडच्या बाजूला जातो, रीडरला दिसत नाही आणि मशीन थांबतं. त्या दिवसांत हातातल्या स्कॅनरने वाचत होतो, आणि हातातला स्कॅनर कुठल्याही बाजूला नेता येतो. त्या दिवशी अकरा प्लेट झाल्या होत्या. ज्याने केल्या तो मुलगा कधीच दुसरीकडे गेला. पण शेजारी 'तपासलं' या रकान्यात सही माझी होती. अकराही प्लेटला. मी तेव्हा बारकोडचे नंबर यादीशी ताडून बघितले होते, दिशा बघितली नव्हती, ते रकान्यात विचारलेलंच नव्हतं. तरी सही माझीच.

रात्री नऊला सरांना फोन केला, सकाळपर्यंत थांबणं मला शक्यच नव्हतं. नऊ कंपाउंडं म्हणजे त्यांच्या टीमचे जवळपास दोन महिने होते. मी सगळं सांगितलं, माझ्या सहीचंही सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग हैदराबादी हिंदीत एवढंच म्हणाले, एन-२० का स्ट्रक्चर भेजो. पाठवलं. दहा मिनिटांनी मेसेज आला की हे जास्त बरं दिसतंय, बनवायलाही सोपं आहे. मी तो मेसेज किती वेळा वाचला असेल.

पुढच्या आठवड्यात अकराही प्लेट तपासल्या, प्रत्येकीच्या चार-चार वेलमधून. दोन उलट्या निघाल्या. म्हणजे ६४० कंपाउंडं चुकीच्या नावाने फिरत होती. आता प्रत्येक नव्या प्लेटमध्ये ए-३ वेल मुद्दाम रिकामा सोडतो. उलटी झाली तर रिकामी जागा पी-२२ ला दिसेल. हातातला स्कॅनर कॉपीच्या खोलीतून काढून टाकलाय.

एन-२० ची पावडर ऑक्टोबरमध्ये आली. या वेळी टेस्टला द्यायच्या आधी रेणूची रचना दाखवणारा एनएमआरही केला, कारण नुसतं वजन जुळून भागत नाही. २०१२ मध्ये बोसुटिनिब या कॅन्सरच्या औषधाच्या नावाखाली काही विक्रेत्यांकडून दुसराच आयसोमर विकला जात असल्याचं उघड झालं होतं, वजन तंतोतंत तेच, फक्त बेंझिन रिंगवरच्या जागा बदललेल्या, आणि कित्येक लॅबनी तो वापरला होता. आमचा एनएमआर बरोबर आला, आणि दोन दिवसांनी बायोलॉजीकडून कर्व्ह आला, जुन्या सी-५ च्या कर्व्हवर ठेवला तर जवळजवळ एकावर एक.

त्या दोन उलट्या प्लेट चार स्क्रीनमध्ये वापरल्या गेल्या होत्या. चारही टीमना पत्रं लिहून दुरुस्त यादी पाठवली, आकडे तेच, फक्त नावं बदलायची. तिघांनी कळवलं की दुरुस्त केलं. चौथा प्रोजेक्ट बंद झालाय, त्याच्या फाइल्स कोणाकडे आहेत ते मी अजून शोधतेय.