हनोईला पुलाची टूर्नामेंट बघायला जायचंय: कोल्हापुरातनं आखलेला बेत

मोठी पूल टूर्नामेंट (पूल म्हणजे क्यूच्या काठीनं पॉकेटच्या टेबलावर खेळायचा बॉलचा खेळ) एकदा तरी समोर बसून बघायची हे माझ्या डोक्यात लय दिवसांपासून आहे, आणि आता ते नुसतं डोक्यात ठेवायचं नाही असं पक्कं केलंय. हनोई ओपन, व्हिएतनाम. नाईन बॉलची टूर्नामेंट, २०२३ ला सुरू झाली, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास असते आणि जगातले वरचे बहुतेक सगळे खेळाडू तिथं येतात. माझ्या ओळखीत कोल्हापुरातनं असल्या गोष्टीसाठी परदेशी गेलेलं कोणी नाही, त्यामुळं विचारायचं कुणाला हा प्रश्नच होता, मग एकेक गोष्ट स्वतःच शोधत गेलो, मधे पुण्याला एक फेरी पण मारून आलो, ते सगळं लिहितोय.

पुलाचं वेड लागलं ते राजारामपुरीतल्या एका पूल पार्लरमध्ये. पार्लर चालवणाऱ्या मामांनी मोबाईलवर फिलिपिन्सच्या एफ्रन रेयेसचा तो १९९५ चा गाजलेला शॉट दाखवला होता, समोर अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड, स्कोअर १२-१२, म्हणजे शेवटचा रॅक (डाव), आणि सरळ मारायला जागाच नाही. रेयेसनं व्हाईट (क्यूनं मारायचा पांढरा बॉल) दोन कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडांना लावून इंग्रजी झेडसारखी फिरवली, बॉल पॉट केला आणि पुढची पोझिशन पण मिळवली. मामा म्हणाले, "परत बघ, आता फक्त व्हाईट बघ." त्यानंतर मी मॅच बघताना व्हाईटच बघायला लागलो, आणि खेळ कळायला लागला तो तिथनं.

तेच मामा आता म्हणतात, "यूट्यूबवर घरात बसून दिसतंय की सगळं, तिकडं जाऊन एवढं पैसं कशाला घालवतोस?" प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं नीट उत्तर द्यायला पाहिजे म्हणूनच पुण्याला गेलो. एका जिमखान्यात स्नूकरची टूर्नामेंट होती, सुरुवातीचे राऊंड, मुद्दाम मधल्या वारी गेलो. सीबीएसवरनं पहाटेची एसटी पकडली, हायवेचं काम चालूय त्यामुळं कराड-साताऱ्याच्या मधे गाडी रांगत होती, स्वारगेटला उतरून पोचेपर्यंत सकाळच्या मॅचेस अर्ध्यावर आलेल्या. हॉलमध्ये मोजकी माणसं. मी टेबलापासून इतका जवळ बसलो होतो की चॉक टिपवर घासल्याचा आवाज येत होता.

तिथं एक सेफ्टीची, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट मिळू न देण्याची, मारामारी बघितली ती अजून डोळ्यासमोर आहे. एकजण लालला अगदी पातळ लावून व्हाईट परत बॉल्कच्या (लालांपासून लांबच्या टोकाच्या) कुशनला चिकटवून ठेवत होता, दुसरा उठायचा, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन लालांमधली फट वाकून बघायचा, परत यायचा, खाली बसता बसता परत उभा राहायचा, कापडावर पडलेला चॉकचा कण बोटानं उचलायचा आणि मगच मारायचा. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. पण मला जास्त बघण्यासारखा वाटला तो खुर्चीत बसलेला माणूस. समोरचा टेबलावर असताना हा टॉवेलची घडी घालतोय, उलगडतोय, परत घालतोय, टेबलाकडं बघतच नाही, आणि समोरच्याचा बॉल पॉकेटच्या तोंडावर अडकल्याचा आवाज आला की मान न उचलता याचा हात क्यूकडं गेलेला. आवाजावरनंच कळलं त्याला. कॅमेरा हे दाखवत नाही. कॅमेरा शॉटच्या मागं पळतो आणि पूल असो नाहीतर स्नूकर, निम्मा खेळ त्या खुर्चीत चाललेला असतो. मामांना येऊन हेच सांगितलं, तर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग जाऊन ये."

(पुण्यात गेल्यावर एक गोष्ट आठवतेच, विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले. १९५८ ला कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकले, वैयक्तिक खेळात भारताचे पहिले विश्वविजेते. पंकज अडवाणीचा जन्म पण पुण्याचाच. क्यूचा खेळ आपल्याकडं परका नाही, पुलाकडंच आपण नीट बघितलं नाही अजून.)

आता हनोईच का. पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडात येते ती मॉस्कोनी कप, युरोप विरुद्ध अमेरिका, १९९४ पासून चालू आहे, आरडाओरडा, वातावरण जबरदस्त. पण ती टीमची स्पर्धा, एका वेळी एकच टेबल, आणि निवडलेले मोजके खेळाडू. पहिल्या फेरीसाठी मला ती नको. अमेरिकेतल्या स्पर्धा बघाव्यात तर व्हिसाच्या अपॉइंटमेंटपासूनच सुरुवात. पुलाची वर्ल्ड चॅम्पियनशिप २०२४ पासून सौदीत जेद्दाला. मनिलाला रेयेस कप असते, आशिया विरुद्ध बाकीचं जग, २०२४ ला पहिली झाली आणि आशियानं जिंकली, ती पण ऑक्टोबरातच, हनोईच्या लगेच नंतर, त्यामुळं दोन्ही जोडून करायचा मोह झाला होता, पण एवढी रजा आणि एवढा पैसा एका दमात नाही जमणार.

हनोईचं गणित मात्र बसतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाईन मिळतो, सिंगल एंट्रीला २५ डॉलर, पासपोर्टचा स्कॅन आणि फोटो टाकायचा, कुठल्या विमानतळावर उतरणार ते निवडायचं, हनोईचा विमानतळ म्हणजे नोई बाई. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण पाच तास. रुपयाला तीनशेच्या घरात डाँग येतात, त्यामुळं नोटांवरची शून्यं बघून घाबरायचं नाही. आणि मुख्य म्हणजे तिथल्या लोकांना खेळ कळतो. थ्री कुशन कॅरम हा त्यांचा गल्लीबोळातला खेळ आहे, आपला कॅरम नाही, क्यूनंच खेळायचा पण पॉकेट नसलेल्या टेबलावर, आणि २०२३ ला अंकाराला त्याच खेळाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल दोन व्हिएतनामींमध्येच झाली, बाओ फुओंग विन्हनं ट्रान क्वेट चिएनला हरवलं. अशा गर्दीत बसायला मिळणं ही निम्मी कमाई. कोणत्या शॉटला टाळी पडते आणि कोणत्याला नाही, एवढ्यावरनं पण शिकता येतं.

बेतातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुठले दिवस बघायचे. सगळे फायनलचं तिकीट काढायला धावतात. माझं म्हणणं उलटं आहे, पहिल्यांदा जाणाऱ्यानं सुरुवातीचे दिवस बघावेत. स्पर्धा मंगळवारी चालू होते आणि रविवारी संपते, निदान २०२३ आणि २०२४ ला तसंच होतं. २५६ खेळाडू, सुरुवातीला डबल एलिमिनेशन, म्हणजे एकदा हरलं तरी लूजर साईडनं परत चढता येतं, आणि ६४ उरले की मग थेट नॉकआऊट. त्यामुळं पहिले दिवस हॉलभर टेबलं चालू असतात. टीव्हीवर त्यातलं मुख्य टेबल आणि आणखी एखाद-दोन दिसतात, बाकीच्या टेबलांवर वर्ल्ड चॅम्पियन पण कुठल्यातरी नवख्या पोराशी ९ ची रेस (आधी ९ रॅक जिंकेल तो पुढं) खेळत असतो आणि बघायला आजूबाजूला थोडीच माणसं. खासबागेत कसं, नंबर एकची कुस्ती शेवटी लागते आणि तेव्हा मैदान खच्चून भरतं, पण जाणकार म्हातारी माणसं दुपारी उन्हातच येऊन जागा धरतात, कारण पुढचा पैलवान कोण ते लहान जोडीत दिसतं. शाहू महाराजांच्या त्या मैदानात आजोबांच्या मांडीवर बसून मी हे शिकलोय, तेच हनोईत करायचं.

आणि लूजर साईड सोडायची नाही! एकदा हरलेला मोठा खेळाडू तिथं जो खेळतो ना, एक चूक झाली की घरी, ते बघण्यासारखं असतं.

कुणाला बघायचं याची यादी वाढतच चाललीय. जेसन शॉ, स्कॉटलंडचा, २०२३ ची पहिली हनोई ओपन त्यानंच जिंकली, आणि २०२२ ला स्ट्रेट पुलात (पुलाचा आणखी एक प्रकार) सलग ७१४ बॉल पॉट केले होते. फिलिपिन्सचा योहान चुआ, २०२४ ला इथंच को पिन यीला हरवून जिंकला. को पिन यी तैवानचा, २०१५ ला नाईन बॉल आणि टेन बॉल दोन्हीचा वर्ल्ड चॅम्पियन एकाच वर्षात. फेडोर गॉर्स्ट, २०२४ चा वर्ल्ड चॅम्पियन, ती फायनल १५-१४ ला सुटली. कार्लो बियाडो, २०१७ आणि २०२५. बियाडोचं मला विशेष आहे, त्याचा स्ट्रोक इतका साधा की यात काय एवढं असं वाटतं आणि व्हाईट बरोबर हवी तिथं जाऊन थांबते.

जायच्या आधी नियम नीट डोक्यात बसवायचेत, कारण आपल्याकडं पार्लरमध्ये एट बॉल जास्त चालतो. नाईन बॉलमध्ये टेबलवरचा सगळ्यात लहान नंबर आधी लागला पाहिजे, पॉट कुठलाही होवो, आणि नऊ पडला की रॅक संपला. हनोईसारख्या स्पर्धेत रॅक लावताना, म्हणजे सुरुवातीला बॉल मांडताना, पुढच्या एक नंबरऐवजी मधला नऊ नंबर स्पॉटवर (टेबलावरच्या खुणेवर) ठेवतात, त्यामुळं अख्खा रॅक थोडा पुढं सरकतो आणि ब्रेकला, म्हणजे पहिल्या शॉटला, कडेचा बॉल कोपऱ्यात आपोआप पडायचा तो पडत नाही. एवढ्याशा बदलानं ब्रेकचा सगळा हिशोब बदलला. शॉटला ३० सेकंद, रॅकमध्ये एकदाच वाढवून मिळतात. जिंकलेला परत ब्रेक करतो, म्हणजे एखाद्याचा हात बसला तर दुसरा नुसता खुर्चीतच. म्हणून खुर्ची बघायची म्हणतोय.

क्यू न्यायचा का यावर सोबत येणाऱ्या मित्राशी बराच वाद झाला. केबिनमध्ये क्यू घेऊन जाता येत नाही, चेक-इनमध्येच टाकावा लागतो, त्यासाठी कडक केस पाहिजे. मी नेणार. हनोईत पूल हॉल भरपूर आहेत आणि दिवसभर मॅच बघितल्यावर रात्री हात शिवशिवणारच. शिवाय मला एकदा सुक्या कापडावर खेळायचंय. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की टेबल जड होतं, कापड ओल धरतं, कुशनला लागून बॉल यायचा तेवढा परत येत नाही, मामा टेबलाखाली बल्ब लावून ठेवतात तरी फरक राहतोच. एसीत, नव्या कापडावर व्हाईट किती धावते ते हातानं अनुभवायचंय.

राहायचं कुठं, तर सगळे सांगतात होआन किएम तळ्याजवळच्या जुन्या भागात राहा. फिरायला गेला असाल तर जरूर राहा. पण पहिल्या दोन्ही वर्षी स्पर्धा 'मी दिन्ह' नावाच्या भागातल्या इनडोअर स्टेडियममध्ये झाली आणि ते जुन्या भागापासून दहा-एक किलोमीटर पश्चिमेला आहे. मॅचेस सकाळी चालू होऊन रात्री उशिरापर्यंत, मधे दोन तास खोलीवर जाऊन पाठ टेकता आली पाहिजे, म्हणून खोली 'मी दिन्ह'लाच बघतोय. मोबाईलवर ग्रॅब हे टॅक्सीचं ॲप टाकून ठेवलंय, दुचाकी पण मिळते त्यावर. खाण्याची काळजी आईला जास्त, भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून देणार म्हणते, नेतो मी, नाही म्हणत नाही.

घरातला खरा अडथळा तारखांचा होता. २०२३ ची फायनल बरोबर घटस्थापनेला आलेली, २०२४ ची दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. कोल्हापुरात नवरात्र म्हणजे अंबाबाईचं, घरात घट बसतात, त्यात मी बाहेर म्हटल्यावर आई आधी बोललीच नाही. शेवटी धाकट्या भावानं घटाचं सगळं अंगावर घेतलं तेव्हा ती म्हणाली, जा पण जाताना देवळात जाऊन जा. ते तर जाणारच.

पैशाला भिशी लावलीय. तारखा जाहीर झाल्या की आधी रजा, मग विमान, मग व्हिसा, आणि महालक्ष्मी एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं त्या सकाळीच. महालक्ष्मीनं रात्री निघून सकाळी दादर, दिवसभर मावसभावाकडं, रात्री विमान. त्याच दिवशी पोचून त्याच दिवशी उडायचं म्हणून सकाळचं विमान धरायचं नाही, गाडी कधी रखडेल सांगता येत नाही.

मित्राला फायनलच बघायचीय, तो ऐकत नाही, त्यामुळं तो शनिवार-रविवारची तिकिटं काढणार आणि मी मंगळवार ते शनिवार. मंगळवारी ड्रॉ हातात आला की पहिल्यांदा दुओंग क्वोक होआंग कुठल्या टेबलवर आहे ते शोधायचं, व्हिएतनामचा तो, आशियाच्या टीममधनं रेयेस कप खेळलेला. त्याच्या टेबलाभोवती गर्दी सगळ्यात आधी होणार, तेव्हा तिथं अर्धा तास आधीच जाऊन उभं राहायचं.