६१ दिवस, रोज दोन पानं

१ जूनला मासेमारीची बंदी लागली आणि त्याच आठवड्यात मी मुंबईहून मालवणजवळच्या घरी परतले. मुलाखतीत इंग्रजीतून स्वतःची ओळख करून देताना तिसऱ्या वाक्याला शब्द संपले होते. त्याआधी एका क्लासला पैसे भरले होते. तिथे वाक्यं पाठ करून घेत. समोरच्याने वेगळं काही विचारलं की सगळं अडायचं. गाडी पकडण्याआधी फोर्टच्या फुटपाथवरून हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' घेतलं. पातळ होतं आणि त्यात कोळी होता, एवढंच बघितलं.

बंदीचे ६१ दिवस, पुस्तकाची सव्वाशेच्या आसपास पानं. रोज दोन. पु. ल. देशपांड्यांनी केलेला त्याचा अनुवाद, 'एका कोळियाने', शाळेतल्या बाईंनी मला पूर्वीच दिला होता. तो पेटीच्या तळाशी ठेवला आणि पुस्तक संपेपर्यंत उघडायचा नाही असं ठरवलं. पानाला तीनच शब्द कोशात बघायचे.

पहिल्याच परिच्छेदात 'सालाओ' आला. कोशात नाही. दुपार त्यात गेली. संध्याकाळी पुन्हा वाचलं तर अर्थ त्याच वाक्यात पुढे होता : कमनशिबी, तोही सगळ्यात वाईट प्रकारचा. ८४ दिवस मासा न मिळालेल्या म्हाताऱ्या कोळ्याला, सांतियागोला, लावलेला स्पॅनिश शब्द. तेव्हापासून कोशाला हात लावण्याआधी वाक्य शेवटपर्यंत वाचू लागले.

जुलैच्या सुरुवातीला म्हाताऱ्याने डॉल्फिन पकडला, कापला आणि कच्चाच खाल्ला. मला वाचवेना. आमच्या समुद्रात डॉल्फिन दाखवायला पर्यटकांच्या होड्या जातात. पण कापताना तो त्याचे कल्ले ओढून काढतो. कल्ले? डॉल्फिन तर श्वास घ्यायला पाण्याबाहेर येतो. पानं मागे चाळली. मावळत्या उन्हात त्याचा रंग सोन्यासारखा दिसतो. आदल्या रात्री होडीपाशी येऊन फुसफुसणारी जोडी होती, पण त्यांचा शब्दच निराळा, 'पॉरपॉइज'. म्हणजे हा डॉल्फिन मासाच, ज्याला दोराडोही म्हणतात. मला कोणी सांगितलं नाही. कल्ल्यांनी सांगितलं. त्या दिवशी मी दोन पानांवर थांबले नाही, सहा वाचली.

व्याकरणही असंच उलगडलं. पूर्वी एक पोरगा म्हाताऱ्यासोबत मासेमारीला यायचा. आता भर समुद्रात एकटा असताना म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणतो, 'आय विश आय हॅड द बॉय.' 'हॅड' म्हणजे भूतकाळ, असं मी घोकलं होतं. पण पोरगा तर त्याला आत्ता, या क्षणी हवा आहे! मग मनात आपोआप मराठी उमटलं : 'पोरगा असता तर...' आपलं 'असता' तरी कुठे भूतकाळ सांगतं? जे नाही, त्याच्यासाठीच ते असतं. ते वाक्य मला कधी पाठ करावं लागलं नाही. एकट्याने शिकणाऱ्या माणसाला सोबत नको असते असं नाही, हेही मला त्या वाक्याने दिलं.

माझी सोबत पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेली असायची. रोज संध्याकाळी मी बाबांना दोन पानांची गोष्ट सांगायचे. गळाला लागलेला मोठा मासा होडी ओढत नेतोय, तरी म्हातारा दोरी होडीला न बांधता पाठीवर का घेतो, हे मला शब्द कळूनही कळलं नव्हतं. बाबा जाळ्यावरून नजर न काढता म्हणाले, "बांदून ठेयली तर तुटतली गो. हातात आसली की ढील देवक येता." मासा होडीपेक्षा दोन फूट लांब, म्हणून बाजूला बांधून आणला, असं सांगितलं तेव्हा ते क्षणभर थांबले. "मगे मोऱ्यो येतल्यो." मोरी म्हणजे शार्क. ती पानं मी अजून वाचलीही नव्हती.

म्हाताऱ्याचा डावा हात आखडतो तो भाग मी सगळ्यात जास्त वेळा वाचला. तो हात जबरदस्तीने उघडत नाही. हातासाठी म्हणून टूना खातो आणि उन्हाची वाट बघतो. पुढे बेसबॉलपटू डिमॅजिओच्या टाचेतल्या 'बोन स्पर'ची आठवण काढतो आणि स्वतःलाच विचारतो, बोन स्पर म्हणजे काय? त्यालाही शब्द माहीत नाही! झुंजीच्या कोंबड्याची नखी टाचेत घुसल्यावर दुखेल तसं असेल का, असा अंदाज करतो आणि पुन्हा दोरीकडे वळतो. इथे माझे डोळे भरून आले. त्यानंतर अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून मी पुढे जाऊ लागले. काही रेघा अजून तशाच आहेत.

३१ जुलैला शेवटची दोन पानं. शार्कनी खाऊन उरलेला माशाचा सांगाडा पाण्यावर हलतोय. एक पर्यटक बाई वेटरला विचारते, हे काय? त्याला सांगायचं आहे की शार्कनी खाल्लं. पण त्याच्या तोंडून इंग्रजीत शार्क एवढाच शब्द निघतो आणि बाईला वाटतं, हा सांगाडाच शार्कचा. मी तिथे वाचायची थांबले. इंग्रजी त्या बाईचं होतं. चुकलं तिचं, आणि ते मला कळलं होतं.

धावत पडवीत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांना ती बाई मुळीच आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते बोटीवर गेले. मी पेटीतून 'एका कोळियाने' काढलं आणि आधी डॉल्फिनचं पान शोधलं.