टाकीवरचा फुगा

घरी विमान बांधतोय म्हटलं की लोक आधी इंजिनाचं विचारतात. मला सर्वात जास्त दमवलं ते इंधनाच्या टाकीने.

मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांची बातमी २०१६ साली वाचली आणि मनात हे बी पडलं. माझी गच्ची म्हणजे ओहायोतलं गॅरेज, आणि विमान व्हॅन्स या अमेरिकन कंपनीचं आरव्ही-९ए, सुट्या भागांच्या किटमधून. शेपटी झाली, मग पंख.

या विमानात टाकी वेगळी बसवत नाहीत. पंखाच्या पुढच्या कडेचा, धडाजवळचा भाग हीच टाकी. एका बाजूला १८ गॅलन, म्हणजे साधारण ६८ लिटर. त्यामुळे प्रत्येक सांध्यात आणि पत्रे जोडणाऱ्या प्रत्येक रिव्हेटखाली सीलंट, म्हणजे गळती रोखणारा चिकट लेप, भरावं लागतं. पांढरा आणि काळा असे त्याचे दोन भाग, वजनाने दहाला एक. रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत घोटायचं. मग मी बाहेरून रिव्हेट गन चालवायची, बायकोने आत हात घालून बकिंग बार, म्हणजे रिव्हेटचं आतलं टोक चपटं करणारा जड धातूचा ठोकळा, धरायचा. कानांवर मफ असल्याने बोलणं ऐकू येत नाही. ती पत्र्यावर एकदा ठोकते तेव्हा रिव्हेट नीट बसलेलं असतं, दोनदा ठोकलं तर अजून मारायचं. डावी टाकी अशी आठ शनिवार चालली.

ती बंद केल्यावर गळती तपासायला सगळी तोंडं बुजवली, एकावर मुलांचा फुगा बांधला आणि सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरली. पातळ पत्र्याला दाब फार सोसत नाही, चौरस इंचाला एक पौंडाच्या वर जायचंच नाही. हवा जास्त झाली तर फुगा आधी सांगतो.

रात्री टम्म असलेल्या फुग्याने सकाळी मान टाकली होती. थंडीनेही हवा आकसते, म्हणून गॅरेज तापेपर्यंत दुपारची वाट पाहिली. फुगा काही उठला नाही. मग पंक्चरवाल्यासारखं साबणाचं पाणी घेऊन ब्रशने रिव्हेट न् रिव्हेट तपासलं. धडाकडच्या शेवटच्या रिबच्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या आडव्या भागाच्या, नाकाशी, पत्रा वळतो त्या कोपऱ्यात, बारीक बुडबुडे येत होते. पोटात खड्डा पडला.

झाकण काढून हात आत घातला, तिथलं सीलंट खरवडलं, पुसून कोरडं केलं आणि बोटाने नवीन थापलं. थंडीत ते सावकाश सुकतं, म्हणून आठवडाभर टाकीला हात लावला नाही.

पुन्हा फुगा बांधला. शेजारी थर्मामीटर टांगून दोन दिवस नोंदी घेतल्या. पहाटे तो थोडा बसायचा, दुपारी पुन्हा तेवढाच भरायचा. तिसऱ्या दिवशीही तो सोडवला नाही. तसाच ठेवून उजव्या टाकीचे पत्रे घासायला घेतले.